एक किलो फंडा

वसई रोड स्टेशनला पश्चिमेकडे उतरून माणिकपूर नाक्याच्या दिशेने चालू लागलं, की एका आतल्या गल्लीत केकच्या सामानाचं दुकान लागतं. पाटीवर 'केक मटेरियल' असं लिहिलेलं आहे. मागच्या पावसाळ्याआधी तिथे 'केक मटेरीअल' होतं आणि त्याच्याही आधी 'केक मटीरियल'. रंगारी बदलला की अक्षरं बदलतात. मी दुकानदाराला एकदा विचारलं, "दादा, यातलं बरोबर कुठलं?" ते म्हणाले, "तिन्ही पाट्यांच्या वेळी गिऱ्हाईक आत आलं ना? मग तिन्ही बरोबर."

दादांचा सगळा स्वभाव या उत्तरात आहे. तो समजायला मला चार वर्षं लागली, कारण माझा स्वभाव नेमका उलटा. मी जन्मभर मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या वेलांट्या आखूड करायच्या आणि उकार लांबवायचे, यावर माझी चूल पेटली. लग्नाची पत्रिका हातात आली की मला वधू दिसत नाही, वर दिसत नाही, पहिला दिसतो तो 'आशिर्वाद'. अशा माणसाला उतारवयात देवाने केकच्या दुकानात धाडावं, यात देवाचा काही तरी हिशेब असणार.

धाडलं अर्थात मुलीने. २०२०च्या टाळेबंदीत आमच्या वसई-विरारमध्ये मजल्यागणिक एक घरगुती केकवाली तयार झाली, त्यातली एक आमच्या स्वयंपाकघरात. टाळेबंदी उठली तरी धंदा टिकला. याचं निम्मं श्रेय तिच्या हाताला आणि निम्मं विरार लोकलला. संध्याकाळच्या विरार फास्टमधून अंधेरी-दादरचा केक वसईपर्यंत आणून दाखवावा कुणीही. चढताना दोन मजली असलेला केक उतरताना बैठा होतो आणि त्याचा वरचा थर शेजारच्या माणसाच्या पाठीवर नालासोपाऱ्याला निघून जातो. तेव्हा इथल्या पोरांचे वाढदिवस इथल्याच ओव्हनमध्ये फुगणं भाग आहे. आणि घरातला एकमेव रिकामा माणूस मी असल्यामुळे सामानाच्या फेऱ्या माझ्याकडे आल्या.

पहिल्या दिवशी मुलीने चिठ्ठी दिली, इंग्रजीत. मी काउंटरशी उभा राहून खणखणीत वाचली, "एक किलो डार्क चॉकलेट, गनाचेसाठी." लिहिलंय तसं वाचायचं, ही माझी देवनागरी निष्ठा. मनाचे, जनाचे, तसं गनाचे. मागे उभ्या असलेल्या दोन मुली फिसकन हसल्या. दादा हसले नाहीत. डबा पुढे सरकवत म्हणाले, "गनाचेसाठी ना? मग हे न्या. निम्मं क्रीम घाला, गनाचे असं चमकेल की तोंड बघून घ्या. फक्त उन्हाळ्यात क्रीम कमी करा हां, नायतर गनाचे खाली ओघळतं."

एवढा तज्ज्ञ माणूस तीन तीनदा गनाचे म्हणतोय म्हटल्यावर मी मागच्या मुलींकडे वळून एक करुणेचा कटाक्ष टाकला आणि घरी आलो. मुलीने कपाळावर हात मारला. "बाबा, गनाश! गनाश म्हणतात त्याला!"

"अगं, दुकानदार स्वतः गनाचे म्हणाले."

"ते तुम्ही म्हणालात म्हणून."

हे मला खोटं वाटलं. दुसऱ्या खेपेला मी मुद्दाम बाजूच्या स्टुलावर बसलो, हातात पेपर धरला आणि कान काउंटरकडे लावले.

आधी दादा कसे दिसतात ते सांगतो. साठीच्या अलीकडे-पलीकडे कुठे तरी. नाकावरून घसरलेला चष्मा, कानावर पेन्सिल, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि शर्टाच्या खिशाला आयसिंग शुगरची कायमची पांढरी किनार. मूळचे आगाशीकडचे. वडील सुकेळी विकायचे. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, पानात बांधून. तो धंदा थकला तेव्हा दादांनी हे दुकान टाकलं. "केळं होतं, त्याचा केक झाला. एक अक्षर तर बदललं," असं ते म्हणतात. दुकान आठ फुटांचं. डावीकडे खोके आणि पुठ्ठे, उजवीकडे साचे, वर बटर पेपरच्या गुंडाळ्या आणि मधल्या खणांत शेकडो नोझलं. त्या खणांना नावं नाहीत, फक्त नंबर आहेत. का, ते पुढे येईल.

तर मी कान लावून बसलो आणि पहिलं गिऱ्हाईक आलं. नालासोपाऱ्याच्या एका बेकरीतला पोरगा. "सेठ, एक किलो फंडा देना."

दादा म्हणाले, "फंडा सफेद चाहिए या कलरवाला?"

पोरगा पांढरा फंडा घेऊन गेला. मागोमाग एक गृहस्थ आले, कणकवलीकडचे, नातीच्या वाढदिवसासाठी. त्यांनी चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरून विचारलं, "फोंडो असा काय हो तुमच्याकडे?" आणि स्वतःच खो-खो हसले, "आमचो फोंडो घाटाखाली, तुमचो डब्यात!"

"असा तर! पांढरो होयो की गुलाबी?" दादा म्हणाले. आगाशीच्या माणसाने मालवणी कधी उचलली कुणास ठाऊक, पण त्या गृहस्थांनी जाताना गावाकडच्या पावसाची चौकशी करावी इतपत ती उचलली होती.

मग एक गुजराती बेन. त्यांना फोन्डन्ट हवं होतं आणि त्यात जिलेटिन नको होतं. दादांनी डबा फिरवून दाखवला, "आ जुओ बेन, लीलुं टपकुं." त्यांच्यामागून पाचूबंदरची एक कोळीण, लेकाच्या हळदीला होडीच्या आकाराचा केक करणारी. तिला चांदीचे मोती हवे होते. दादांनी मोती दिले. त्याच डबीला मी पुढे दोन नावांनी हाक मारलेली ऐकली, ड्रॅजी आणि द्राझे. दादांनी दोन्हीला ओ दिली.

सगळ्यांत शेवटी स्कूटरवरून मॅडम आल्या. विरारच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये त्या केकचे वर्ग घेतात. मुंबईत जाऊन कोर्स केलेला, भिंतीवर प्रमाणपत्र लावलेलं. त्यांच्या वर्गात पहिले दोन दिवस केक होत नाही, उच्चार होतात. त्यांनी गॉगल डोक्यावर चढवला आणि शब्द नाकात धरून सोडला, "फाँदाँ."

"फाँदाँ ना? फाँदाँ आहे." दादांनीही तो नाकातूनच परत केला. क्षणभर मला वाटलं दोघांना एकाच वेळी सर्दी झाली.

अर्ध्या तासात एकच पांढरा गोळा फंडा, फोंडो, फोन्डन्ट आणि फाँदाँ अशा चार नावांनी माझ्यासमोर विकला गेला, एकाच डब्याच्या थप्पीतून, एकाच भावाने. मी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, "दादा, तुम्ही स्वतः याला काय म्हणता?"

"मी कशाला काय म्हणू? मला कुठे विकत घ्यायचंय?"

माझ्यातला मुद्रितशोधक खवळला. "पण एक काही तरी बरोबर असेल ना?"

दादांनी गल्ल्याखालून एक उभी, लाल कापडी पुठ्ठ्याची वही काढली. पुढच्या पानांवर उधारी. वही उलटी करून उघडली की मागच्या पानांवर दुकानातल्या पोरांसाठी केलेली यादी. पेन्सिलीने, बारीक अक्षरात: 'फॉन्डंट, फोंडंट, फोंडा, फंडा, फंडन, फाँदाँ – ४ नंबर'. खाली 'नोझल, नोजल, नॉझेल, टोपी, तोटी – ११ ते १६'. त्याखाली 'व्हिप, विप, विपिंग, वीफ – फ्रीज'. मी आयुष्यात पुष्कळ कोश हाताळले. प्रमाण रूप कुठलं हे न सांगता फक्त कप्पा सांगणारा कोश हा पहिलाच. आणि खरं सांगायचं तर, ज्याच्यासाठी तो केला होता त्याची अडचण त्याने इतर कोशांपेक्षा लवकर सोडवली असती.

"यात गनाचे दिसत नाही," मी म्हणालो.

"आहे की. पुढे लिहिलंय," म्हणत दादांनी वही मिटली. त्यांच्या चेहऱ्यावर काही तरी हललं. मला तेव्हा कळलं नाही.

आता वाटेल की हा माणूस गिऱ्हाइकाला लोणी लावणारा दिसतो. मलाही काही दिवस तसंच वाटलं. पण लोणी लावणारा सगळ्यांशी एकाच गोड आवाजात बोलतो. दादा प्रत्येकाशी त्याच्या आवाजात बोलतात. ट्रेनमध्ये चौथ्या सीटवर बसायला आलेल्या माणसासाठी आपण जसं नकळत सरकतो, तशी त्यांची जीभ सरकते. समोरच्याचा शब्द चुकला, हे त्यांच्या ध्यानात येत नाही असं नाही. ते मध्ये बोलत नाहीत इतकंच. आम्ही तिघे मात्र, म्हणजे मी, मॅडम आणि माझी मुलगी, सरकणाऱ्यांतले नव्हे. आम्ही तिकीट बघणाऱ्यांतले.

बरोबर उच्चाराची किंमत मॅडमना त्याच वर्षीच्या गणपतीत कळली. त्यांनी दुकानात फोन केला. दादा जेवायला गेले होते, फोन नव्या पोराने उचलला. मॅडमनी आपल्या वर्गासाठी अत्यंत शुद्ध उच्चारात सांगितलं, "दोन किलो डार्क, चॉकलेट गनाश. बारा जणींचं सामान पाठव." पोरगा वसईचा, दिवस चतुर्थीच्या आदल्या आठवड्याचे. त्याने दोन किलो डार्क चॉकलेट बांधलं आणि त्यासोबत सिलिकॉनचे बारा साचे पाठवले. गणेशाचे. सोंड डावी.

मॅडम तणतणत दुकानात आल्या. पोराला समोर उभं करून म्हणाल्या, "म्हण, ग-ना-श."

पोरगा म्हणाला, "ग-णे-श."

"श नाही रे, आधीचा ना! ग, ना, श!"

"मॅडम, त्या गनाचेवाल्या काकांसारखं सरळ बोलला असता तर लगेच कळलं असतं," पोरगा म्हणाला. मी स्टुलावर पेपर वर धरला.

दादांनी साचे परत घेण्याची तयारी दाखवली. पण मॅडमच्या बारा जणी तोवर वर्गात बसल्या होत्या. त्या दिवशी विरारमध्ये चॉकलेटच्या गणपतीचा वर्ग झाला. पुढच्या आठवड्यात मॅडमनी स्वतः येऊन आणखी वीस साचे नेले. दादांनी विचारलं, "गणेश ना मॅडम?" त्या म्हणाल्या, "गणेश." हा त्या दोघांत कोणाचीही जीभ न वळवता पार पडलेला पहिला सौदा.

खरी ठिणगी पडली ती चौथ्या वर्षीच्या डिसेंबरात. डिसेंबरात वसईचं रूप पालटतं. गावोगाव चांदण्या टांगल्या जातात, नाताळचे गोठे बांधायला पोरं गवत गोळा करत हिंडतात आणि दादांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. कुलकुलं, मिल्क क्रीम, पेरूची चीज, प्लम केक, सगळ्यांचं सामान इथूनच. त्या गर्दीत भुईगावची एक आंटी आली, सत्तरी ओलांडलेली. हातात कापडी पिशवी. "दादा, काजूपीठ दे. मासपाव करायचाय."

शेजारी उभ्या असलेल्या गुजराती बेन झटक्यात दोन पावलं मागे सरल्या. "मांस?"

"मांस नाय ओ, काजू! साखर आणि काजू!" आंटी म्हणाली. तरी बेनने डब्यावरचं हिरवं टपकं स्वतः तपासलं.

मॅडम तिथेच होत्या. त्यांना राहवलं नाही. "आंटी, मासपाव नाही. मार्झिपॅन. मार, झि, पॅन."

आंटीने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तू मार्झिपॅन कर. मी मासपाव करते. मग दोन्ही खा आणि बोल."

सगळी गल्ली गप्प झाली. दादा तराजूवरून मान वर न करता म्हणाले, "दोघींना काजूपीठ एकच. आंटी, तुमचं अर्धा किलो झालं. मॅडम, तुम्हाला किती?"

मी मनातून मॅडमच्या बाजूला होतो. आंटीविषयी आदर होता, पण शब्द म्हणजे शब्द. घरी येऊन मी कोश उघडले, मॅडमना पुराव्यासकट पाठिंबा द्यावा म्हणून. आणि बसलेल्या जागी माझी विकेट पडली.

मूळच्या बदाम-साखरेच्या या मिठाईला पोर्तुगीज भाषेत जो शब्द आहे तो मार्झिपॅनच्या जवळपासही नाही. तो 'मासापाँव'च्या जवळ जातो. शेवटचा आव नाकातून. म्हणजे आंटीच्या तोंडातला शब्द चुकलेला नव्हता, तो नुसता जुना होता. मॅडम इंग्रजांकडून आलेल्या आणि आंटी पोर्तुगिजांकडून. दुरुस्ती करायचीच झाली तर कोणी कोणाची करायची?

मग मी नाद धरला. पोर्तुगीज वसईत आले ते १५३४च्या तहाने आणि गेले १७३९ला, चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला तेव्हा. २०५ वर्षं. सत्ता गेली, पाव राहिला. त्यांच्या पावातही शेवटी तोच नाकातला आव आहे. आपण नाक काढून टाकलं आणि पाव ठेवला. हीच गत आडनावांची. नाकात संपणारं एक पोर्तुगीज आडनाव वसईच्या मातीत आलं आणि 'रुमाव' झालं. पाव, रुमाव, मासपाव. पाहा, नियमच आहे. मॅडम आज विरारमध्ये जो नाकातला सूर फी घेऊन शिकवतात, तसलाच सूर वसईने काही शतकांपूर्वी काढून, धुऊन, वाळत घातला होता. बटाटा, चावी, साबण, बादली, पगार, खुद्द नाताळ, सगळे याच वाटेने आले. आज मॅडम स्वतः 'बटाटा' म्हणताना कोणत्या पोर्तुगिजाला विचारतात?

आणि हे एकतर्फीही नाही. आपल्या वसईचं त्यांनी 'बासाईं'सारखं काही तरी केलं, मग इंग्रजांनी 'बॅसीन' केलं. ते ऐकताना अजूनही हात धुवायला जावंसं वाटतं. त्यांनी आपल्या गावाचं नाव मोडलं, आपण त्यांचा पाव मोडला. फिट्टंफाट.

नाद लागला की माणूस थांबत नाही. फॉन्डंट पाहिलं. फ्रेंचमध्ये मूळ क्रियापदाचा अर्थ 'वितळणे'. ब्रिटनमध्ये याच लाटायच्या गोळ्याला शुगरपेस्ट म्हणतात, दक्षिण आफ्रिकेत प्लास्टिक आयसिंग. मग गनाश पाहिलं, आणि खुर्चीतून उठून उभा राहिलो. फ्रेंच कोशात त्या शब्दाचा एक अर्थ चक्क 'ठोंब्या' असा दिला होता. अशी गोष्ट सांगतात, की पॅरिसच्या एका मिठाईवाल्याकडल्या शिकाऊ पोराने चुकून गरम क्रीम चॉकलेटवर सांडलं, मालक त्याच्यावर ओरडला, "ठोंब्या!" आणि चाखून पाहिल्यावर शिवीच पदार्थाचं नाव झाली. गोष्ट खरी की रचलेली, कोण जाणे. शब्दाचा अर्थ मात्र कोशात आहे.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी शटरसमोर हजर. दादांनी शटर वर केलं, देवाला उदबत्ती लावली आणि माझं व्याख्यान उभ्याने ऐकलं. फॉन्डंट म्हणजे वितळणारं, हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग नाव ठेवणारा वसईत राहून गेलेला दिसतो. या खाऱ्या हवेत ते दुसरं करतं काय? ठाणे जिल्ह्यात होतो तेव्हा वितळायचं. २०१४ला पालघर जिल्हा केला, तरी वितळतंच."

प्लास्टिक आयसिंग ऐकून ते दचकले. "ते मोठ्याने बोलू नका काका. प्लास्टिकबंदीवाले पावती फाडतील."

आंटीच्या मासपावाची कुळकथा ऐकून ते नुसतेच मान हलवत राहिले. आश्चर्य अजिबात नाही. "तुम्हाला माहीत होतं?" मी जरा नाराजीने विचारलं.

"पोर्तुगीज-बिर्तुगीज माहीत नव्हतं. पण आंटी सत्तर वर्षं एक शब्द बोलते, तिची आई बोलायची, तर तो कुठून तरी आला असणारच ना? उगाच कोण कशाला बोलेल?"

शेवटी मी माझा हुकमाचा एक्का टाकला. "आणि दादा, गनाश म्हणजे काय माहीत आहे? ठोंब्या!"

दादांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग गल्ल्याखालच्या वहीकडे पाहिलं. आणि ते हसायला लागले. चार वर्षांत मी त्यांना गिऱ्हाइकासमोर हसताना पाहिलं नव्हतं. चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा वहीकडे पाहिलं, पुन्हा हसले. माझा विनोद इतका जमला याचं मला समाधान वाटलं.

आता वाटेल, की या माणसाला बरोबर-चूक काही नाहीच. तसं मी लिहिणार होतो. पण त्याच आठवड्यात नंदाखालचा एक तरुण आला. आजीला ऐंशी वर्षं पूर्ण होत होती. केकवर उभी करायची नावाची पट्टी त्याला करून हवी होती. तीही दादा कापून देतात. पोराने घाईत नाव सांगितलं आणि आडनाव, घोन्सालविस.

दादांनी कानावरची पेन्सिल काढली. "ग की घ?"

"काय पण चालेल."

"काय पण कसं चालेल? आजी कशी लिहिते?"

"आजी इंग्लिशमध्येच..."

"मराठी शाळेत होती ना? मग मराठीत लिहीत असणार. फोन लाव."

मागे रांग. मॅडम घड्याळ पाहतायत, माझ्यामागे एक रिक्षावाला मोत्यांची डबी हातात धरून उभा. पोराने आईला फोन लावला, आईने आजीला विचारलं, आजीने विचारलं की कोण विचारतंय. पाच मिनिटांनी निकाल आला. घ. आणि शेवटचा वि ऱ्हस्व. दादांनी कागदावर लिहून फोटो पाठवायला लावला. होकार आला तेव्हा मशीन सुरू केलं.

मला २०२०चं उस्मानाबादचं साहित्य संमेलन आठवलं. अध्यक्ष आमच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, वर्षानुवर्षं 'सुवार्ता' मासिकाचे संपादक राहिलेले. एका माणसाने उभं आयुष्य मराठीत लिहिलं, आणि त्याचं आडनाव कुठे दि, कुठे डि, कुठे मध्येच एक स्वल्पविराम टांगलेला. आम्ही 'आशिर्वाद' पकडत बसलो होतो.

गर्दी ओसरल्यावर मी म्हणालो, "दादा, फंडा चालतो, फोंडो चालतो, आणि घ साठी पाच मिनिटं रांग अडवलीत?"

"फोंडा काय, वितळून जाईल आज ना उद्या," ते चुरा झटकत म्हणाले. "केक कापल्यावर आजी ती पट्टी धुऊन कपाटात ठेवेल. तिच्यावर चुकून कसं चालेल?"

इथे लेख संपायला हरकत नव्हती. पण महिनाअखेर होती आणि माझी थोडी उधारी राहिली होती. मी म्हटलं, "माझा हिशेब काढा." दादा आत फ्रीजकडे गेले होते. तिथूनच म्हणाले, "पोरा, काकांचं पान काढ." पोराने लाल वही उघडून माझ्यासमोर फिरवली. वर, ठळक अक्षरात, पहिल्या दिवसापासून चार वर्षं चालत आलेलं खातं: 'गनाचे काका'. खाली शिल्लक, ३४० रुपये.

मी बराच वेळ त्या नावाकडे पाहत राहिलो. दादांच्या हसण्याचा अर्थ आता मला कोशाशिवाय लागला.

दादा बाहेर आले. वही पाहिली, मला पाहिलं, आणि पहिल्यांदाच थोडे ओशाळले. "तुम्ही नाव सांगितलं नव्हतंत काका. जे ऐकलं ते लिहिलं." कानावरची पेन्सिल काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. "बोला, खरं काय लिहू? तुमच्या हातानेच करा दुरुस्त."

पस्तीस वर्षांच्या सवयीने माझा हात पेन्सिलीकडे गेला. नावाखाली रेघ, समासात खूण, एवढंच करायचं होतं. मग मी वर पाहिलं आणि लक्षात आलं, की चार वर्षांत मीही त्यांचं नाव कधी विचारलं नव्हतं.

"तुमचं नाव काय हो?" मी विचारलं.

"तुम्ही काय म्हणता?"

"दादा."

"मग तेच."

मी पेन्सिल परत केली आणि ३४० रुपये मोजून दिले. दादांनी हिशेब चुकता झाला म्हणून 'गनाचे काका'वर आडवी रेघ मारली. जन्मभर मी दुसऱ्यांच्या शब्दांवर रेघा मारल्या, पण माझ्या नावावर मारलेली ही पहिली. मी म्हणालो, "दादा, एक किलो डार्क द्या. आणि हे उधार लिहा."

"कुठल्या नावावर?"

"आहे त्याच."